बांधाचे भात आणि वृक्षकराचा रुपया

घरपट्टीचे बिल आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येते. रक्कम पाहायची, मुदत पाहायची, पैसे भरून पावती फाईलला लावायची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेचे बिल सावकाश वाचले, तर सामान्य कर, शिक्षणकर अशा ओळींच्या सोबतीला ‘वृक्षकर’ अशीही एक ओळ सापडते. रक्कम लहान असते, त्यामुळे नजर तिच्यावरून घसरून जाते.

वसईतल्या एका शाळेत आम्ही नववीच्या मुलांशी पाण्याविषयी बोलायला गेलो होतो. घरोघरी पाण्यावर किती खर्च होतो हे पाहण्यासाठी मुलांना बिले आणायला सांगितली होती. एका मुलीने वृक्षकराच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “या पैशांचे झाड कुठे आहे?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही.

ताळेबंद मांडणे हा खरे तर आमचा रोजचा उद्योग. भांड्यात किती गेले, बाहेर किती आले, आत किती उरले. तिन्हींचा मेळ बसला नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा मोजणे चुकले आहे. वस्तुमानाला आणि ऊर्जेला जो नियम, तोच पर्यावरणासाठी म्हणून तिजोरीतून निघालेल्या रुपयाला लावून पाहिला तर? या प्रश्नाचा माग काढताना आम्ही बरेच मागे गेलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

बांधाचा हिशेब

कोकणच्या खाड्यांकाठी भरतीचे पाणी अडवून भातशेती करण्याची रीत फार जुनी. चिखल, पेंढा आणि दगड यांचा बाहेरचा बांध घालायचा. या बांधाला पेणकडे ‘बाहेरकाठा’ म्हणतात. त्यात पाणी सोडण्यासाठी ‘उघाडी’ ठेवायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला खाडीचे पाणी उघाडीचे दार दाबून बंद करते. दोन-तीन पावसाळे गेले की मातीतला खार धुऊन जातो आणि भात येऊ लागते.

असा बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, लाटा तो झिजवतात आणि उधाणात खांड पडते. मग दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च कोणी सोसायचा? जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेण भागात, यासाठी ‘शिलोत्री’ नावाची पद्धत होती. खारजमीन कसणारा शेतकरी सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेले भात शिलोत्रीदाराला देई, आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध शाबूत ठेवण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची असे.

आजच्या भाषेत हा एका विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला उपकरच झाला. पण त्याचे एक वैशिष्ट्य नीट पाहण्यासारखे आहे. भात देणारा शेतकरी आणि बांध यांच्यात फार तर अर्ध्या मैलाचे अंतर असे. भात बांधासाठी खर्ची पडले की नाही हे त्याला वहीत शोधावे लागत नसे. खांड पडली की खारे पाणी त्याच्याच शेतात येई. देणारा, घेणारा, काम आणि परिणाम या चारही गोष्टी एका नजरेच्या टप्प्यात होत्या. याचा अर्थ ती पद्धत न्याय्य होती असे नव्हे. भात घेऊन बांधाकडे पाठ फिरवणारेही असणारच. पण लबाडी लपत नसे, एवढे खरे.

पुढे खारजमिनीची कामे हळूहळू सरकारकडे आली. मुंबई राज्यात १९४८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. सिमेंट आणि यंत्रे आली, मोठी कामे करणे शक्य झाले. त्याच वेळी देणारा आणि बांध यांच्यात कार्यालये, मंजुऱ्या आणि लेखाशीर्षे येऊन बसली. अंतर वाढले, तसे डोळ्यांनी होणारे काम कागदांनी करावे लागू लागले.

कागदाची भाषा

ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये मांडले. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली होती. आलेला आणि गेलेला पैसा खात्यावार लिहिणे हा त्यामागचा हेतू. त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकांत ‘कोणी खर्च केला’ हे कळे. ‘कशासाठी केला’ हे क्वचितच कळे.

स्वतंत्र भारतात १९७४ मध्ये सरकारी लेख्यांची फेरमांडणी झाली आणि खर्च कामाच्या स्वरूपानुसार लिहिण्यावर भर आला. आज केंद्राच्या किंवा राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक रकमेला एक चार आकडी प्रमुख लेखाशीर्ष असते. शीर्ष २ किंवा ३ ने सुरू झाले तर तो महसुली खर्च, ४ किंवा ५ ने सुरू झाले तर भांडवली खर्च. २४०६ म्हणजे वने आणि वन्यजीवन, २२१५ म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता, २७११ म्हणजे पूरनियंत्रण आणि जलनिःसारण, २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तीतील साहाय्य. आणि ३४३५ म्हणजे परिस्थितिकी व पर्यावरण.

तेव्हा पर्यावरणावरचा खर्च शोधायचा तर ३४३५ पाहिले की झाले, असे वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण जरा विचार करा. सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र पर्यावरणाचे काम की नाही? ते बहुधा २२१५ खाली सापडेल. डोंगरउतारावरची झाडे २४०६ खाली असतील. पुराचे पाणी वाहून नेणारा नाला २७११ खाली असू शकतो, किंवा नगरविकासाच्या एखाद्या योजनेत. आणि तो नाला वेळेवर बांधला गेला नाही म्हणून वाटावी लागलेली मदत २२४५ खाली. लेखाशीर्ष कामाचे नाव सांगते, कामाचा हेतू सांगत नाही. महापालिकांचे लेखे तर वेगळ्याच पद्धतीने ठेवले जातात, त्यामुळे वरचे आकडे तिथे जसेच्या तसे लावताही येत नाहीत.

खास पर्यावरणासाठी घेतलेला पैसा

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे खास कारणासाठी खास कर घेणे आणि त्याची पेटी वेगळी ठेवणे. शिलोत्री भाताचेच हे मोठे रूप.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. या मंडळांना पैसा मिळावा म्हणून १९७७ मध्ये जल उपकर लागू झाला. उद्योग आणि स्थानिक संस्था जेवढे पाणी वापरतील त्याप्रमाणे तो भरत. तो राज्य मंडळ गोळा करी, केंद्राच्या तिजोरीत जमा होई आणि त्यातला वाटा मंडळाला परत मिळे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हा उपकर संपला.

वृक्षकराची कथाही याच काळातली. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ मध्ये झाला. त्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे आली. झाडांची गणना करणे, तोडीला परवानगी देणे वा नाकारणे आणि नवी लागवड करणे ही त्यांची कामे.

पेटी वेगळी ठेवली की पैसा त्याच कामाला जातो का? याचे सर्वांत बोलके उदाहरण कोळशाचे आहे. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. २०१७ मध्ये हाही उपकर वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत विलीन झाला. सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार २०१७-१८ पर्यंत जमा झाले सुमारे ८६,४४० कोटी रुपये. त्यांतले निधीत वळते झाले सुमारे २९,६४५ कोटी. आणि निधीतून प्रकल्पांना मिळाले सुमारे १५,९११ कोटी.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना शेकडेवारी काढायला सांगण्यासारखे आहेत. जमा झालेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी निधीत पोचले ३४ आणि कामाला लागले १८. उरलेले पैसे चोरीला गेले असे कोणी समजू नये. ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत गेले आणि इतर कामांना लागले. पण ज्या नावाने घेतले त्या कामाला ते लागले नाहीत. ताळेबंदात हा फरक दिसला पाहिजे. नाहीतर ‘स्वच्छ ऊर्जेसाठी ८६ हजार कोटी’ असे वाक्य कोणीही सहज लिहून जाईल.

वसईच्या पाण्याचे दोन हिशेब

आता वसईकडे येऊ. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगरावर पडलेला पाऊस या चौकटीतून समुद्राकडे जायचा, तर वाटेत सपाट आणि सखल जमीन लागते. या जमिनीवर भातखाचरे होती, मिठागरे होती, पश्चिमेच्या गावांत वाड्या आणि त्यांच्या कडेला बावखले होती. बावखल म्हणजे वाडीतले खोलगट तळे. पावसात भरायचे, हळूहळू जमिनीत मुरायचे आणि वाडीला पाणी पुरवायचे.

किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते थोडे हलके असते. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. म्हणजेच उपसा करून वरची पातळी १ मीटरने उतरवली, तर खालून खारे पाणी ४० मीटर वर चढू पाहते. मुरणारे बावखल हे असे खाऱ्या पाण्याला दाबून ठेवणारे वजन होते. त्याची किंमत मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

१९८० च्या दशकात मुंबईची वस्ती इकडे सरकू लागली. वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि शेतजमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या. याविरुद्ध दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी. मराठी वाचक त्यांना लेखक म्हणून ओळखतो; २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या आंदोलनातला मूळ प्रश्न आम्हाला हिशेबाचा वाटतो. टँकरच्या पाण्याला मिळालेला पैसा उत्पन्न म्हणून कुठेतरी लिहिला जातो. खारट झालेली विहीर खर्च म्हणून कुठेच लिहिली जात नाही. एका बाजूलाच नोंदी असलेली वही कधी जुळत नाही.

१९९० मध्ये या भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या ४ नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला.

आणि मग जुलै २०१८ चा पाऊस आला. चार दिवस वसई-नालासोपारा पाण्यात होते. १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची वाहतूक बंद पडली. मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. वीज नव्हती. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वर्णनाची गरज नाही.

एक साधे गणित करू. १ चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती झाले? १० लाख चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर, म्हणजे १ लाख घनमीटर. लिटरमध्ये १० कोटी. १० हजार लिटरच्या टँकरने ते हलवायचे तर १० हजार टँकर लागतील. हे एका चौरस किलोमीटरचे, आणि तेही एका दिवसाच्या पावसाचे. भरती असेल तर हे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत त्याला कुठेतरी थांबावेच लागते. पूर्वी ते खाचरांत, मिठागरांत आणि बावखलांत थांबे. आता घरांत थांबले.

पुरानंतर महापालिकेने मुंबईची आयआयटी आणि नागपूरची नीरी या संस्थांना अभ्यास करायला सांगितला. त्यांनी सुचवलेल्या उपायांत धारण तलाव होते, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी थांबवून ठेवणारी तळी. निसर्ग जे काम फुकट करी, ते आता जमीन आणि पैसा मोजून करायचे. आणि या तलावांवरचा खर्च मात्र पर्यावरणावरचा खर्च म्हणून दिमाखात लिहिता येईल!

कोणता खर्च मोजायचा?

इथे मोजणीचा खरा पेच सुरू होतो. समजा, १० कोटी रुपयांचा एक नाला बांधला. हा खर्च वातावरणीय बदलाला तोंड देण्यासाठी आहे का? शहराला नाला लागतोच, वातावरण बदलो वा न बदलो. पण वाढत्या पावसाचा विचार करून तो रुंद केला असेल, तर जास्तीची रुंदी त्या खात्यात टाकता येईल.

जगातही हा पेच नवा नाही. १९९८ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने श्रीमंत देशांच्या मदतीसाठी ‘रिओ खुणा’ सुरू केल्या. १९९२ च्या रिओ परिषदेवरून हे नाव पडले. कामाचा मुख्य हेतू पर्यावरणाचा असेल तर २ ही खूण, तो अनेक हेतूंपैकी एक असेल तर १ आणि संबंध नसेल तर ०. युरोपीय संघाने पुढे त्यांना वजने दिली : २ ला शंभर टक्के, १ ला चाळीस टक्के. म्हणजे आपला तोच नाला खूण लावणाऱ्याच्या मतानुसार १० कोटींचा, ४ कोटींचा किंवा शून्याचा ठरेल. सिमेंट तेवढेच, पाणी तेवढेच, आकडे तीन.

आपल्याकडची उदाहरणे पाहू. ३० जून २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात म्हटले होते की हवामानातील चढउतारांशी जुळवून घेण्यावर भारत सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.६ टक्क्यांहून जास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालात हाच प्रकारचा खर्च २०१५-१६ मध्ये ३.७ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ५.६ टक्के दिला आहे. शेती, पाणी, आरोग्य, आपत्ती असे व्यापक क्षेत्र यात धरले जाते. हे आकडे खोटे नाहीत. पण ‘वातावरणाशी संबंधित’ आणि ‘वातावरणासाठी म्हणून केलेला’ यांत अंतर आहे, आणि ते आकड्याच्या पोटात दडून राहते.

नगरपालिकांत नॉर्वेतल्या ओस्लोने २०१६ मध्ये, पुढच्या वर्षासाठी, वातावरणीय अंदाजपत्रक मांडले. त्यात कामांच्या रकमेबरोबर कर्बवायू किती घटेल हेही लिहिलेले असते. मुंबई महापालिकेने जून २०२४ मध्ये असा पहिला अहवाल काढला. २०२४-२५ च्या ३१,७७४ कोटींच्या भांडवली तरतुदीपैकी १०,२२४ कोटी, म्हणजे ३२ टक्के, वातावरणाशी निगडित असल्याचे त्यात दाखवले आहे. फ्रान्सने सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकले : पर्यावरणाला अनुकूल खर्चासोबत प्रतिकूल खर्चही वेगळा दाखवला. आम्हाला ही कल्पना वसईसाठी मोलाची वाटते. पाण्याच्या वाटेत भराव घालून केलेला रस्ता आणि त्याच पाण्यासाठी खणलेला नाला, दोन्ही एकाच पानावर आले, तर तिजोरी आपल्याच एका हाताने दुसऱ्या हाताशी कशी भांडते ते दिसेल.

सोळा कोटींचा माग

आता वसई-विरारचा एक प्रत्यक्ष रुपया धरून चालू. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी २०२०-२१ या वर्षासाठी ४,४०० कोटी रुपये सुचवले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांतला निम्मा हप्ता, २,२०० कोटी, सुटला. महाराष्ट्राच्या वाट्याला ३९६.५ कोटी आले : मुंबई २४४, पुणे ६७, नागपूर ३३, नाशिक २०.५, औरंगाबाद १६ आणि वसई-विरार १६. बेरीज करून पाहा, जुळते.

इथवर हिशेब सोपा आहे, कारण ही केंद्राने जाहीर केलेली रक्कम आहे. पण ताळेबंदाला चार आकडे लागतात. एक, तरतूद किती. दोन, हातात आले किती. तीन, प्रत्यक्ष खर्च किती आणि कशावर. चार, त्यामुळे हवेत काय बदलले. बातम्या पहिल्या दोन आकड्यांच्या येतात. तिसऱ्यासाठी वर्षअखेरचे लेखे पाहावे लागतात. चौथ्यासाठी हवा मोजावी लागते.

तिसरा आकडा किती महत्त्वाचा ते एका अभ्यासावरून दिसते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशभरातल्या शहरांचा असा खर्च तपासला. ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीसाठी गेली होती. उद्योगांच्या प्रदूषणावर १ टक्काही नाही. कारणही त्यांनी दाखवले आहे. शहरांची कामगिरी १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून जोखली जाते. रस्ते झाडले, डांबर घातले की हे जाड कण घटतात. फुप्फुसात खोल जाणारे २.५ मायक्रॉनखालचे कण मुख्यतः जळण्यातून येतात. धुरांड्यांतून, वाहनांतून, कचऱ्याच्या आगीतून. ते झाडूने जात नाहीत. जे मोजले जाते त्यावर खर्च होतो, हा नियम इथेही लागू पडला.

हे सगळे पाहायचे कोणी? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरांच्या कामांची जी यादी दिली, तिच्यात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून महापालिका कायद्यातच तरतूद आहे की आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे ४ थे कलम सांगते की अंदाजपत्रकातली तरतूद आणि प्रत्यक्ष वाटप कार्यालयांनी आपणहून जाहीर करावे. म्हणजे कागद नाहीत असे नाही. वसई-विरारमध्ये जून २०२० मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. अहवाल मांडणारा आणि तो ऐकून प्रश्न विचारणारा हे दोघे एकच असले, तर कायद्याचे अक्षर पाळले जाते; उलटतपासणी मात्र होत नाही.

वर्गात काय करता येईल?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही आणि त्या शाळेच्या बाईंनी मिळून एक छोटा उपक्रम केला. तो कुठल्याही शहरात करता येईल.

मुलांनी आपल्या शहराचे अंदाजपत्रक मिळवायचे. त्यात एका कामाला तीन रकाने असतात : मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. मुलांनी पर्यावरणाशी संबंध असावा असे वाटणारी कामे निवडून त्यांना ०, १ किंवा २ खूण लावायची. दोन गटांनी एकमेकांना न दाखवता लावायची, मग ताडून पाहायची.

आमच्या वर्गात दोन गटांच्या बेरजांत दुपटीचा फरक पडला. कारंजे असलेल्या बागेला एकाने २ दिले होते, दुसऱ्याने ०. कचरा वाहणाऱ्या गाड्यांवरून बराच वेळ वाद झाला. एक मुलगा म्हणाला, “गाडी कचरा फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. तिकडच्यांना विचारा!” तो गोखिवऱ्याच्या कचराभूमीच्या बाजूचा होता. खूण लावणाऱ्याचे घर कुठे आहे यावरही खूण ठरते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुसरा भाग पायी करायचा. यादीतले एकच काम निवडून जागेवर जायचे. नाला असेल तर भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी, असे दोनदा. पाणी कोणत्या दिशेला वाहते, तोंडाशी गाळ किती, पातळी कुठवर येते हे लिहायचे. झाडे असतील तर मोजायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची. कारण लावलेली झाडे हा खर्चाचा आकडा आहे. जगलेली झाडे हा परिणामाचा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजूनही पूर्ण देता येत नाही. तिच्या घरच्या वृक्षकराचा रुपया नेमका कोणत्या झाडाला लागला हे सांगणे कदाचित शक्यही नसेल. पण त्या वर्गाने शाळेसमोरच्या रस्त्यावरची झाडे मोजून वहीत नोंदवली आहेत, तारखेसह. पुढच्या जूनमध्ये दहावीत गेलेली हीच मुले ती पुन्हा मोजतील. बांधावर उभे राहून बाहेरकाठा पाहणाऱ्या शेतकऱ्याजवळ जे होते, ते थोडेसे का होईना, त्या वहीत परत आले आहे.